झोपलेल्या पुतळ्याची नाडी

गेल्या महापालिका निवडणुकीत, प्रचार संपायला आठवडाही उरला नसताना, शनिवारी सकाळी लालबागमध्ये एका उमेदवाराने स्वतःची टिंगल करणाऱ्या पुतळ्यापुढे नारळ फोडला. पुतळा प्रतिस्पर्धी उमेदवाराच्या प्रचारासाठी बनवलेला होता. तो टेम्पोवर ठेवलेल्या मोठ्या खुर्चीत मागे रेलून झोपलेला होता. त्याचा उजवा हात मोटरीवर हलत असे. नारळ फुटला तेव्हा हात छातीच्या उंचीवर, तळवा लोकांकडे करून थांबलेला होता. जमलेल्यांपैकी काहींनी नमस्कार केला. खोबऱ्याचा प्रसाद वाटला गेला. तो मलाही मिळाला.

पुतळ्याखालचा मजकूर मी लिहिला होता.

एका मराठी दैनिकाच्या संपादकीय विभागातून निवृत्त झाल्यावर मी दादरमधल्या एका छोट्या जाहिरात संस्थेत काम करू लागलो. संस्था समीर नावाचा तरुण चालवतो. एरवी मसाले, क्लासेस आणि साड्यांचे सेल. निवडणूक आली की उमेदवार. उमेदवाराच्या कामात दोन प्रकार असतात. एकात आपला माणूस चांगला आहे हे सांगायचे. त्यात हात जोडलेला फोटो, मागे उगवता सूर्य आणि नावापुढे ‘कार्यसम्राट’. हे काम कुणालाही जमते. दुसऱ्या प्रकारात समोरचा माणूस कसा आहे हे दाखवायचे. माझ्याकडे दुसरा प्रकार आला. डेस्कवर असताना मी बातमीतली विशेषणे कापत असे. इथे विशेषणालाच हातपाय लावायचे होते.

बाहेरच्या लोकांना वाटते की टिंगलीचे चित्र काढायला कल्पकता लागते. कल्पकता भरपूर असते. चहा सांगितला की चार जण कल्पना घेऊन येतात. कमी असते ती काटछाट. एका चित्रात एकच दोष मावतो. सिग्नल लाल असेपर्यंत दुचाकीवरच्या माणसाला तो कळला पाहिजे. आणि तो दोष लोकांना आधीपासून ठाऊक असला पाहिजे. जाहिरात लोकांना नवीन काही पटवत नाही. त्यांच्या मनात असलेल्या गोष्टीला चेहरा देते. आमच्या एका जुन्या कामात, सतत भूमिपूजने करणाऱ्या एका पुढाऱ्याविरुद्ध आम्ही फक्त कुदळ दाखवली होती. कोरी करकरीत, दांड्याला हार, पात्याला माती नाही. खाली नावही नव्हते. त्या माणसाने आपणहून पत्रकार परिषद घेऊन ती कुदळ आपली नसल्याचा खुलासा केला. त्यानंतर आम्हाला काही करावे लागले नाही.

प्रत्येक वेळी असे जमत नाही. गिरगावातल्या एका उमेदवाराने प्रतिस्पर्ध्याला गिधाड दाखवा, असा आग्रह धरला. प्रतिस्पर्धी त्याचा साडू निघाला. घरून फोन आल्यावर गिधाडाचा पोपट झाला. सासऱ्यांचा फोन आल्यावर पोपट पिंजऱ्यात गेला. सासूबाई स्वतः येऊन गेल्या आणि छपाईला नुसता रिकामा पिंजरा गेला. पक्ष्यांचे दुकान नक्की कुठे आहे, हे विचारायला दोन दिवस फोन येत होते.

आता शनिवारच्या नारळाकडे.

नारळ फोडणारे गृहस्थ म्हणजे मधुदादा. लालबाग-परळच्या त्या प्रभागाचे आधीचे नगरसेवक, एका मोठ्या पक्षाचे पुन्हा उमेदवार. वजनदार, हसतमुख, कुणालाही नाही न म्हणणारे. प्रभागात कुणी गेले की खांदा द्यायला पहिले, बारशाला पाळण्याची दोरी ओढायला पहिले. त्यांचा दोष एकच होता. ते सभागृहात झोपत. याला दोन स्वतंत्र सूत्रांनी दुजोरा दिला होता आणि एक छायाचित्रही होते, त्यात शेजारचे सदस्य तावातावाने बोलत आहेत आणि दादांची हनुवटी छातीला टेकलेली आहे.

त्यांच्यासमोर अपक्ष उभ्या होत्या रेखाताई. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतले, सासर परळचे, नोकरी महापालिकेच्या रुग्णालयात, नर्सची. दर पावसाळ्यात त्यांच्या वॉर्डात डेंग्यूचे रुग्ण त्याच तीन गल्ल्यांतून येत. त्या गल्ल्यांतली गटारे उघडी होती. सिस्टर दादांकडे पाच-सहा वेळा गेल्या. दादा प्रत्येक वेळी “बघतो हां, सिस्टर” म्हणाले, चहा पाजला आणि दारापर्यंत सोडायला आले. मग सिस्टरनी स्वतःच उभे राहायचे ठरवले.

महापालिकेच्या नोकरीत राहून महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही. सिस्टरनी राजीनामा दिला. तो मागे घेता येत नाही. निवृत्तीला सहा वर्षे होती, मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, पतीचे काम सुटलेले होते आणि घरात पगार तेवढा एकच येत होता. हरल्या तर तोही नाही, एवढे गणित सरळ होते. समीरची आई आजारपणात त्यांच्या वॉर्डात महिनाभर होती, म्हणून त्याने हे काम घेतले.

पहिली कल्पना संगणकावर तयार केलेल्या चित्रफितीची होती. हल्ली तसेच चालते. यंत्राला सांगायचे की जाडजूड नगरसेवक खुर्चीत झोपला आहे, बाजूने उंदीर जात आहेत, आणि ते पाच मिनिटांत करून देते. आम्हाला मिळालेल्या पहिल्या फितीत दादांच्या हाताला सहा बोटे होती. दुसरीत बोटे बरोबर होती, पण उंदराला दादांचा चेहरा आला होता. तिसरी बरी होती. सिस्टरनी ती शेजारच्या बायकांना दाखवली. त्या म्हणाल्या, “हे खोटं असतं हो. काल आमच्या ग्रुपवर वाघ इडली खात होता.”

“सर, स्क्रीनवरचं काही कुणी मानत नाही आता,” समीर मला म्हणाला. “आपण रस्त्यावर काहीतरी उभं करू. हात लावता येईल असं.”

त्यामुळे आम्ही तात्यांकडे गेलो.

लालबागमध्ये गणपतीच्या मंडपात जे हलते देखावे असतात, ते करणाऱ्यांपैकी तात्या जुने. भीम बकासुराला मारतो, गदा खरोखर खाली येते, बकासुराचे डोळे फिरतात, हे सगळे त्यांच्या कारखान्यात तयार होते. आत गाडीच्या वायपरची मोटर असते, बाकी लाकूड, तार, कापड आणि फायबर. तात्या मूळचे मालवणचे. आपल्या कलेबद्दल त्यांचे मत फार चांगले आहे आणि इतरांच्या कलेबद्दल त्यांना मत नाही.

“झोपलेलो माणूस?” ते म्हणाले. “कुंभकर्ण आसा माझ्याकडे. तयार. तोंड बदलूया.”

सिस्टर म्हणाल्या, “कुंभकर्णाची बदनामी कशाला तात्या? तो सांगून झोपायचा.”

पण वेळ कमी होता. कुंभकर्णाचे धड घेतले. शिंगे कापली. राजमुकुट काढला. मिशा ठेवल्या, कारण दादांनाही तशाच आहेत. ठरले असे की मान हळूहळू खाली जाईल, पुन्हा वर येईल, मग उजवा हात जांभईसाठी तोंडाशी जाईल आणि खाली येईल. सोबत घोरण्याचा आवाज. खाली माझा मजकूर: ‘आपल्या प्रभागाचे प्रश्न सभागृहात मांडले जात आहेत. कृपया शांतता राखा.’

अशा गोष्टींना निवडणूक कार्यालयाची परवानगी लागते. तिथले अधिकारी मध्यमवयीन, सौजन्यशील आणि थकलेले होते. त्यांनी पुतळ्याचा फोटो बराच वेळ पाहिला.

“हा कुंभकर्ण आहे का? धार्मिक पात्र चालणार नाही.”

“नाही साहेब,” समीर म्हणाला. “शिंगं काढलीत.”

“शिंगं होती म्हणजे होता.”

“होता. आता नाही.”

त्यांनी ते लिहून घेतले. मग दुसरा मुद्दा आला. “उमेदवाराच्या खासगी आयुष्यावर टीका चालत नाही. झोप ही खासगी बाब आहे.”

मी म्हणालो, “घरी झोपले तर खासगी. सभागृहात झोपले तर सार्वजनिक.”

अधिकाऱ्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिले. तिथे एक सहकारी टेबलावर डोके ठेवून पडले होते. “हे जेवणाच्या सुट्टीत आहेत,” अधिकारी म्हणाले आणि शिक्का मारला.

घोरण्याचा आवाज मात्र पहिल्याच दिवशी काढावा लागला. टेम्पो दादांच्या इमारतीखालून गेला तेव्हा त्यांच्या पत्नी खाली आल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या. “झोपतात ते खरं आहे, भाऊ,” त्या मला म्हणाल्या, “पण घोरत नाहीत. पस्तीस वर्षं शेजारी झोपत्येय मी, मला नाही माहीत?” चौकशी केली तेव्हा कळले की ध्वनिमुद्रणातले घोरणे तात्यांचे होते. दादांच्या घोरण्याला कुठूनही दुजोरा नसल्यामुळे ते वगळण्यात आले.

खरी अडचण हाताची होती. दुसऱ्या दिवसापासून तो तोंडापर्यंत जाईना. छातीशी आला की अडकायचा, तळवा समोर करून थोडा थरथरायचा आणि खाली जायचा. तात्यांना विचारले.

“सांधो जुन्या गणपतीचो. आयुष्यभर ह्या सांध्यान आशीर्वाद दिल्यान,” ते म्हणाले. “जांभई कशी देवची ता त्येका म्हायत नाय. शिकतलो हळूहळू.”

तो शिकला नाही. आणि लालबागमध्ये टेम्पोवर दिव्यांच्या माळांत बसलेली, हात वर करणारी मोठी आकृती दिसली की लोक काय करतात, हे मी सांगायला नको. लोक चपला काढत. बायका लेकरांना पुढे धरत. एका आजीने पुतळ्याच्या मांडीवर जास्वंद ठेवले. मी त्यांना विचारले, “आजी, हे कोण माहिती आहे का?”

“मधू ना? वळाखतंय मी.”

“तो सभागृहात झोपतो, असं दाखवलंय.”

“दिवसभर लोकांच्या मयताक फिरता बिचारो,” आजी म्हणाल्या. “मगे झोप येतली नाय तर काय?”

शनिवारी दादा स्वतः आले. बेंजो पथक घेऊन आले. पुतळ्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला आणि टेम्पोच्या पायरीवर चढून बोलले. “मंडळी, माणसाचा पुतळा मेल्यावर होतो. माझा जिवंतपणी झाला. सिस्टरचे लय उपकार. बघा, झोपेतसुद्धा तुम्हाला आशीर्वाद देतोय.” टाळ्या पडल्या. लोक पुतळ्यासोबत फोटो काढू लागले आणि दादा पुतळ्यासारखीच मान टाकून शेजारी उभे राहू लागले. सगळे हसत होते, आणि हसणे दादांच्या बाजूचे होते.

तेव्हाच मला एक गोष्ट दिसली. पुतळ्याच्या अंगातला चौकडीचा शर्ट आणि सभागृहातल्या त्या छायाचित्रातला दादांचा शर्ट एकच होता. तसलाच नव्हे, तोच. खिशावर शाईचा डाग होता.

टेम्पो घेऊन आम्ही तात्यांच्या कारखान्यात गेलो. मी विचारले, “शर्ट कुठून आणलात?”

“त्येंनी दिल्यानी.”

“कुणी?”

“मधुदादान. मी गेललंय त्येंच्याकडे. दोन वेळा बसले माझ्यासमोर. चाय पाजल्यानी.”

समीर खालीच बसला. “तात्या, तुम्ही ज्याची टिंगल करायची त्यालाच सांगायला गेलात?”

तात्यांना प्रश्न कळला नाही. “फोटोवरसून तोंड कधी जमता? आणि माणसाचो पुतळो माणसाक न विचारता करूचो? माझ्या बापाशीन कधी केल्यान नाय. समोर बसवचा, तोंड बघूचा, अंगातलो एक कपडो मागान घेवचो. मगेच त्येच्यात जीव येता.”

“मग ते काय म्हणाले?”

“पोट कमी करा म्हणाले. मी केलंय नाय.” तात्यांनी पुतळ्याच्या पोटावर थाप मारली. “तेवढी माझी टीका समजा.”

पुतळा आपल्यावरून बनतो आहे हे दादांना पहिल्या दिवसापासून माहीत होते, आणि कार्यकर्त्यांनी कोर्टात जायचा सल्ला दिला तेव्हा त्यांनी बेंजो सांगून ठेवला होता, हे नंतर त्यांच्याच कार्यालयातून समजले.

समीर म्हणत होता की आपण आता त्यांचाच प्रचार करतो आहोत, टेम्पो बंद करू. तेवढ्यात सिस्टर आल्या. सकाळपासून जिने चढून आलेल्या होत्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग पर्समधून पाण्याची बाटली काढत म्हणाल्या, “काल हॉस्पिटलमध्ये माझा निरोप समारंभ झाला. साडी दिली, घड्याळ दिलं. माझ्या टेबलावर नवीन मुलगी बसलीय. चांगली आहे.” एवढेच.

मोटर चालूच होती. पुतळ्याचा हात वर आला आणि छातीशी अडकला. सिस्टर जवळच उभ्या होत्या. त्यांनी सहज त्याचे मनगट धरले, तीन बोटे आतल्या बाजूला टेकवली आणि नव्या घड्याळाकडे पाहू लागल्या. इतक्या वर्षांची सवय असावी.

“काय बघतास?” तात्यांनी विचारले.

“नाडी.”

“लागता?”

“लागते. पण तुमच्या मोटरची आहे.”

समीर उठून उभा राहिला. “सिस्टर,” तो म्हणाला, “हे उद्या टेम्पोवर कराल?”

रविवारी त्यांनी ते केले. समीरने पांढरा गणवेश घालायला सांगितला होता; सिस्टरनी नकार दिला. “नोकरी सोडली, आता तो घालायचा हक्क नाही,” त्या म्हणाल्या. साध्या साडीतच त्या टेम्पोवर चढल्या, हात अडकण्याची वाट पाहिली, मनगट धरले आणि घड्याळ पाहिले. लोक गप्प झाले. कुणाचीही नाडी बघताना लोक गप्प होतात. मग सिस्टर रुग्णाच्या नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात माइकवर बोलल्या.

“घाबरायचं कारण नाही. नाडी चांगली आहे, ताप नाही, भूक उत्तम आहे. पेशंटला काहीही झालेलं नाही. नुसती झोप आहे. पाच वर्षं पूर्ण आराम दिलेला आहे. आता डिस्चार्ज द्यायला हरकत नाही.”

पहिले हसू गर्दीच्या मागच्या बाजूने आले. मग सगळीकडून. कुणीतरी ओरडले, “सिस्टर, औषध काय?”

“एकच डोस. मतदानाच्या दिवशी, केंद्रावर जाऊन. रिकाम्या पोटी घेतलं तरी चालतं.”

हात तोच, थांबणेही तेच. पण मनगट सिस्टरच्या बोटांत आल्यावर तो आशीर्वाद उरला नाही. सोमवारपर्यंत पोरे एकमेकांची मनगटे धरून “डिस्चार्ज” म्हणू लागली. जाहिरातीच्या धंद्यात यापेक्षा मोठे यश नसते. हे आम्ही ठरवलेले नव्हते, हेही नोंदवतो.

मंगळवारी संध्याकाळी दोन्ही प्रचारफेऱ्या परळमध्ये एका नाक्यावर समोरासमोर आल्या. असे झाले की घोषणा वाढतात, पोलीस मध्ये उभे राहतात. दादा मात्र हसत पुढे आले आणि शर्टाची बाही वर करून त्यांनी हात पुढे केला. “पुतळ्याची काय बघताय सिस्टर, खऱ्याची बघा! जागा आहे की नाही सांगा सगळ्यांना.” त्यांच्या कार्यकर्त्यांनी शिट्ट्या मारल्या. समीरने माझा दंड धरला. सिस्टर आता काय बोलतात यावर उद्याचा दिवस अवलंबून होता.

सिस्टरनी मनगट धरले. घड्याळ पाहिले. अर्धा मिनिट झाले, एक मिनिट झाले. त्यांनी बोटे थोडी सरकवली आणि पुन्हा पहिल्यापासून मोजले. लोक हसण्याच्या तयारीत थांबले होते. सिस्टरनी माइक बाजूला उभ्या असलेल्या माझ्या हातात दिला, तो बंद करायला सांगितला आणि दादांना हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, ठोके चुकतायत. आत्ता हॉस्पिटलला जा. ईसीजी काढा.”

दादा मोठ्याने हसले. “काय सिस्टर! माइकवर बोला ना, लोकांना पण कळू दे.”

“मी चेष्टा करत नाहीये,” सिस्टर म्हणाल्या. “छातीत धडधडतं का? जिना चढताना?”

दादांचे हसू थोडे उशिरा थांबले. “थोडं थोडं,” ते म्हणाले.

“वहिनींना सांगितलंय?”

“नाही.”

“मग मी सांगू?”

दादा रुग्णालयात गेले. ठोके अनियमित असल्याचे निदान झाले. धोका नव्हता, पण डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतले. ही बातमी प्रभागात पसरायला तासही लागला नाही. दादरच्या कार्यालयात समीर फेऱ्या मारत होता.

“सहानुभूतीची लाट येणार, सर. पुतळ्याला फूल ठेवणारी माणसं आहेत ती. खरा आजारी पडल्यावर काय करतील?” मग सिस्टरकडे वळून म्हणाला, “तुम्ही नुसतं ‘नाडी ठीक आहे’ म्हणाला असतात तर? दोन दिवस. फक्त दोन दिवसांचा प्रश्न होता.”

“तुझ्या आईची नाडी मी अशीच सांगितली असती तर चाललं असतं का रे तुला?” सिस्टरनी विचारले.

समीर बसला.

टेम्पो त्याच संध्याकाळी बंद केला. आजारी माणसाच्या झोपेची टिंगल करता येत नाही, हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. तात्यांनी पुतळ्यावर ताडपत्री घातली आणि मोटर काढून घेतली. उरलेले दिवस सिस्टर पायी फिरल्या. दारोदार लोक त्यांना प्रभागाबद्दल काही विचारत नव्हते. दादांची तब्येत विचारत होते. सिस्टर प्रत्येकाला नीट उत्तर देत होत्या. काही जण म्हणाले की बाईने शाप दिला. काही जणांनी मनगटे पुढे केली. त्यांनी तीही पाहिली. आमच्या अंदाजाप्रमाणे निवडणूक हातची गेली होती. सिस्टरनी दोन खासगी नर्सिंग होममध्ये फोन करून जागा आहे का, याची चौकशी केली. एकीकडे वय जास्त असल्याचे सांगण्यात आले.

गुरुवारी दुपारी, प्रचाराची मुदत संपण्याआधी, दादांच्या कार्यकर्त्यांनी एक निर्णय घेतला. दादा ठणठणीत आहेत आणि जागे आहेत, हे लोकांना दाखवायचे. रुग्णालयातल्या खाटेवरूनच त्यांचे भाषण मोबाइलवर थेट प्रक्षेपित करायचे. डॉक्टरांना विचारले होते की नाही, याबद्दल दोन मते आहेत.

दादा उशीला टेकून बसले. केस विंचरलेले, चेहऱ्यावर पावडर. “माझ्या मायबाप मतदारांनो,” ते म्हणाले, “काही लोक म्हणतात मी झोपतो. आज मी तुम्हाला सांगतो, मी जागा होतो, जागा आहे आणि तुमच्यासाठी...”

डॉक्टरांनी थोड्या वेळापूर्वी गोळी दिली होती. हनुवटी हळूहळू छातीला टेकली. मग वर आली. “...तुमच्यासाठी,” दादा म्हणाले आणि हनुवटी पुन्हा खाली गेली.

मोबाइल स्टँडवर लावला होता. ज्या कार्यकर्त्याला तो बंद करता येत असे, तो खाली केळी आणायला गेला होता. बाकीचे कुजबुजत होते, पण कुजबूजही ऐकू जात होती. “दादा... ओ दादा.” “उठवू नको रे, हार्टचं आहे.” “मग हे बंद कर ना.” “लाल बटण दाब.” “त्यानं दादांचं तोंड मोठं दिसायला लागलं!” पंचवीस मिनिटे प्रभागाने आपला नगरसेवक झोपलेला पाहिला. बाजूने वहिनींचा आवाज आला, “बघा, घोरतात का? मी सांगत होते.”

ही जाहिरात आमची नव्हती. समीरने ती पुढे पाठवायला घेतली तेव्हा सिस्टरनी त्याच्या हातातून फोन काढून घेतला. “आपल्याकडून जायची नाही,” त्या म्हणाल्या. आमच्याकडून गेली नाही. तोपर्यंत ती माझ्याकडे तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून आली होती.

मतदान झाले. मतमोजणीत सुरुवातीला दादा पुढे होते. दुपारी सिस्टर पुढे गेल्या. दादांच्या प्रतिनिधींनी फेरमोजणी मागितली, ती झाली आणि रेखाताईंना विजयी घोषित करण्यात आले. त्यांनी प्रमाणपत्र घेतले, मुलीला फोन केला आणि पहिला प्रश्न विचारला तो म्हणजे, “जेवलीस का?”

विजय नाडीमुळे झाला, की गोळीमुळे, की त्या तीन गल्ल्यांमुळे, याबद्दल मला अजून विचारले जाते. तीन गल्ल्यांतून त्यांना मते जास्त पडली, एवढे मतमोजणीतून दिसते. बाकी कशाला दुजोरा नाही. समीर आता ग्राहकांना सांगतो की सगळे आम्ही आखले होते. तात्या सांगतात की पुतळ्यात जीव आला होता. मी दोन्ही विधाने अवतरणचिन्हांत ठेवतो.

पद स्वीकारल्यावर सिस्टरनी परळमध्ये एका गाळ्यात कार्यालय उघडले. पहिल्या दिवशी मी पेढे घ्यायला गेलो होतो. बाहेर रांग नव्हती. एकच माणूस बाकावर बसला होता. मधुदादा. प्रकृती सुधारलेली दिसत होती, वजन थोडे उतरले होते. सिस्टरनी उठून त्यांना खुर्ची दिली आणि चहा मागवला.

“गोळ्या वेळेवर घेताय ना दादा?”

“घेतोय. ही विचारते रोज.” दादा थोडे पुढे सरकले. “सिस्टर, एक काम होतं. आमच्या बिल्डिंगसमोर खांबावरचा दिवा बंद आहे. रात्री हिला भीती वाटते.”

सिस्टरनी पेन उघडले. “कधीपासून बंद आहे?”

दादांनी आढ्याकडे पाहून हिशेब केला. “झाली असतील दोनेक वर्षं.”

चहा आला. सिस्टरनी तक्रार लिहून घेतली, खाली दादांची सही घेतली आणि त्यांना दारापर्यंत सोडायला गेल्या.

पुढच्या आठवड्यात मी त्या रस्त्याने गेलो. दिवा लागलेला होता.